फिलोमेनच्या शेगडीवरची क्रीक

रोज सकाळी कॅफेचं दार उघडायच्या आधी फिलोमेन चेरीच्या बियांची पिशवी शेगडीच्या शेपटीवर ठेवायची.

पिशवी जुन्या गादीच्या कापडाची, निळ्या पट्ट्यांची, उशीहून लहान. आतल्या बिया तळघरातल्या पिंपातून निघालेल्या, उकळून, धुऊन, पोटमाळ्यावर वाळवलेल्या. शेगडी कॅफेच्या मधोमध होती. लोखंडी, वाकड्या पायांची, आणि पुढच्या गोल पोटापासून मागच्या धुराड्यापर्यंत तिची लांब चपटी शेपटी गेलेली. पोटाजवळ हात ठेवला तर भाजायचा, टोकाला ठेवला तर नुसती ऊब लागायची. फिलोमेनला त्या शेपटीची वीत न् वीत ठाऊक होती. पोटाशी सुपाचं पातेलं, मग कॉफीची किटली, मग हिवाळ्यात चेरीच्या बीअरचा जग, आणि अगदी शेवटी पिशवी.

टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या उतरवून झाल्या, फरशी पुसून झाली, की ती पिशवी उचलायची, गालाला लावून बघायची आणि खिडकीकडे पाठ असलेल्या खुर्चीवर ठेवायची. थोड्या वेळाने गावातला म्हातारा शेतकरी रेमी यायचा. टोपी काढायचा. खुर्चीकडे बघायचा.

"ती मांजराची आहे," फिलोमेन काउंटरमागून म्हणायची.

"मांजर कुठाय?"

"येईल."

"येईपर्यंत बसतो मग." आणि रेमी आपली दुखरी कंबर त्या पिशवीला टेकवायचा.

मांजर होतं, नव्हतं असं नाही. पण ते स्वयंपाकघरात बटाट्याच्या पोत्यावर झोपायचं आणि त्या पिशवीच्या वाटेला कधी जायचं नाही. हे रेमीला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे फिलोमेनला. तरी हे बोलणं रोज व्हायचं, रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावरसुद्धा, आणि त्यातला एक शब्द दोघांनी कधी बदलला नाही.

मी कॅफेच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. वोल्सबेक गावात तेव्हा दुसरी रिकामी खोली नव्हती, आणि पहिल्या हिवाळ्यानंतर मला ती शोधावीशी वाटली नाही. जिन्यातून सुपाचा वास यायचा, पत्त्यांच्या डावावरची भांडणं यायची, आणि मधूनच फिलोमेनचा आवाज: "मॉरिट्स, पाय खाली. शेगडी तुझ्या बुटांसाठी पेटवलेली नाही." मला ती "पोरी" म्हणायची. गावातल्या साठीच्या बायकांनाही ती पोरीच म्हणायची, त्यामुळे त्यात मी फार काही मानून घेतलं नाही. म्हणजे, थोडं घेतलं.

ती त्याच घरात जन्मली होती, माझ्या खोलीसमोरच्या खोलीत. बापाची पाठ कामातून गेली तेव्हा त्याने तळघराची किल्ली तिच्या हातात दिली. तिची मोठी बहीण आलिडा त्याआधीच लग्न करून जवळच्या नीनोव्ह शहरात गेली होती, लिफ्ट असलेल्या इमारतीत. फिलोमेनचंही एकदा ठरलं होतं म्हणे, ब्रसेल्सच्या एका ट्राम कंडक्टरशी. माणूस चांगला होता, पण त्याला गाव नको होतं. "आणि मला ट्राम नको होती," एवढंच ती सांगायची. मग कपडा घेऊन एखादा आधीच पुसलेला ग्लास पुन्हा पुसायची.

तिचं खरं राज्य तळघरात होतं. पलीकडच्या खोऱ्यातून जुनी आंबट बीअर पिंपांमधून यायची, आणि जुलैत गावातल्या झाडांवरच्या क्रीक चेरी उतरल्या की टोपल्याच्या टोपल्या त्यात पडायच्या. लहान, काळपट, इतक्या आंबट की पक्षीसुद्धा अर्ध्या खाऊन टाकून द्यायचे. त्या दिवशी फिलोमेन कुणाशी बोलायची नाही. बाकीचं काम काळोखाचं आणि वेळेचं. शरद संपेपर्यंत पिंपातली बीअर लाल व्हायची आणि फळाचं नाव तिलाही लागायचं: क्रीक.

उन्हाळ्यात लोक ती थंड प्यायचे. पण गावाला वाट असायची पहिल्या दहिवराची. शेतांवर पांढरं दिसलं की त्या दुपारी चिनी मातीचा तपकिरी जग शेगडीच्या शेपटीवर चढायचा. त्यात दालचिनीचा तुकडा, काही लवंगा, शेगडीवरच वाळवलेली संत्र्याची साल आणि काळ्या खडीसाखरेचा एखादा खडा. काहीही मोजून नाही. फिलोमेन जगावर चेहरा न्यायची, डोळे मिटायची आणि नाकाने ठरवायची. मग जग बोटभर पुढे सरकवायची, किंवा बोटभर मागे. क्रीकमधून वाफ निघू द्यायची नाही, हा तिचा एकच नियम होता. "वाफ निघाली की ते औषध झालं. औषध पाहिजे असेल तर डॉक्टरकडे जा."

मी पहिल्यांदा ती प्यायले तो दिवस मला आठवतो, कारण बाहेरून येताना माझी बोटं वाकत नव्हती. कप हातात आला तेव्हा आधी बोटं परत आली. मग पहिला घोट. आधी नुसती ऊब, मग गालांना आतून ओढून घेणारा आंबटपणा, आणि तो ओसरत असताना त्याच्यामागून दालचिनी, लवंग, एकेक करून, जशी माणसं उंबऱ्यावर बूट झटकून आत येतात. गिळून झाल्यावर, सगळं संपलं असं वाटत असताना, जिभेच्या मागे एक बारीक कडवट चव उरली, बदामासारखी. ती बीच्या आतली होती. मी काही बोलणार होते, पण शेजारच्या टेबलावर रेमी होता, आणि रेमीचा पहिला घोट म्हणजे रोजचा एक विधी होता.

तो घोट घ्यायचा. कप खाली ठेवायचा. मिशी पुसायचा.

"आंबट आहे."

"जन्मभर चिकोरीची भाजी पिकवणाऱ्या माणसाने चवीबद्दल बोलू नये," फिलोमेन म्हणायची.

"चिकोरी कडू असते. कडूचं मला काही नाही. ही आंबट आहे, मालकीणबाई."

"मग ठेव तो कप."

"आता ओतलीच आहे तुम्ही." आणि तो कप संपवून दुसरा मागायचा.

आमच्या गावात कुणी कुणाची स्तुती करत नाही. मनात आकस असतो म्हणून नव्हे, तशी पद्धतच नाही. नव्या घराला "छप्पर आहे" म्हणतात, नव्या सुनेला "बोलते बरी". फिलोमेनच्या क्रीकला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "पिण्यासारखी आहे". जुने पाद्री निवृत्त होऊन निघाले तेव्हा दारात थांबून "वाईट नव्हती" म्हणाले होते, आणि ते वाक्य फिलोमेन अजून सांगायची. मात्र पद्धतीची दुसरी बाजूही होती: ओतलेली क्रीक कपात ठेवून कुणी उठत नसे.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सर्व संतांच्या सणाला, फिलोमेन आईबापांच्या थडग्यावर शेवंती ठेवायला गेली आणि पावसात फार वेळ उभी राहिली. ताप चढला. कॅफेचे पडदे ओढलेलेच राहिले, असं गावाने पूर्वी पाहिलं नव्हतं. आलिडा नीनोव्हहून येऊन राहिली. रोज सकाळी तिचं एकच बोलणं: "माझ्याकडे एक खोली रिकामी पडली आहे. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे. या जिन्यात पडून मरायचं आहे का तुला?" फिलोमेन भिंतीकडे तोंड करायची.

रेमी रोज सकाळी बंद दारापर्यंत यायचा आणि परत जायचा. शर्यतीची कबुतरं पाळायचा तो; एकदा त्याने मला झाकण बांधलेलं पातेलं दिलं. "सूप आहे. कबुतराचं. शर्यतीत कायम शेवटी यायचं." मग जरा थांबून, "कुठलं ते सांगू नकोस. ती नावाने ओळखते त्यांना." त्यानंतर तो भावाकडे लिम्बर्गला गेला. हिवाळ्यात कबुतरांच्या शर्यती नसतात, प्रदर्शनं असतात, आणि रेमीच्या एका निळ्या नराला तिथे उभं राहायचं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला फिलोमेन खाली उतरली. आलिडा घरी गेली. पडदे उघडले. पहिल्याच दुपारी सगळी मंडळी जमली: बँडमध्ये टूबा वाजवणारा मॉरिट्स, त्याच्या पत्त्यांच्या टेबलावरची माणसं, पोस्टमन, माझ्यासारखे दोनचार. फिलोमेन कृश झाली होती. जग दोन्ही हातांनी धरत होती. तिने सगळ्यांना ओतलं.

मी घोट घेतला आणि माझी जीभ बधिर झाली. लवंग. नुसती लवंग, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखी. मी वर पाहिलं तर मॉरिट्स आपल्या कपात बघत होता, जणू टूबाचं तोंड त्यात पडलं आहे. पोस्टमनने गिळलं आणि खिडकीकडे मान वळवली.

"कशी आहे?" फिलोमेनने विचारलं. एरवी ती कधी विचारत नसे.

कुणीतरी बोलायला हवं होतं.

"गरम आहे," मॉरिट्स म्हणाला.

"रंग लाल आहे यंदा," पोस्टमन म्हणाला.

आणि सगळ्यांनी कप संपवले, कारण ओतलेली होती. फिलोमेनने रिकामे कप पाहिले आणि तिचा चेहरा जरा उजळला. आत जाताना मला म्हणाली, "हल्लीच्या लवंगांत काही राहिलेलं नाही, पोरी. मूठभर घातल्या तेव्हा कुठे."

दुसऱ्या दिवशी तिने अजून घातल्या.

असं होत राहिलं. संत निकोलसचा सण गेला, नाताळ गेला. एकदा स्वयंपाकघरातून जळक्या पावाचा धूर बाहेर आला आणि फिलोमेन धुरात उभी राहून शांतपणे कांदे चिरत होती. आम्ही खिडकी उघडली. "सर्दी अजून गेली नाही," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. हे सर्दीचं नाही, एवढं कॅफेतल्या माणसांना मात्र एव्हाना कळून चुकलं होतं, आणि सगळ्यांनी आपापसात एक तोडगा ठरवला होता. तोडगा म्हणजे रेमी.

"रेमी येऊ दे परत," मॉरिट्स कुजबुजला. "तो सांगेल. त्याला अमृत दिलं तरी आंबट म्हणेल."

रेमी नव्या वर्षाच्या सुरुवातीला परतला. निळ्या नराला बक्षीस मिळालं नव्हतं. सकाळी पिशवी खुर्चीवर होती, मांजराचं बोलणं झालं, सगळं जागच्या जागी. दुपारी जग चढला. कॅफे भरलेला होता आणि पत्ते खेळणाऱ्यांनीही पत्ते खाली ठेवले होते.

फिलोमेनने ओतलं. ओतताना जगाचं तोंड कपाच्या काठावर वाजलं. रेमीने तो आवाज ऐकला. त्याने तिच्या मनगटाकडे पाहिलं, मग तिच्या गळ्याकडे, जिथे स्वेटर आता सैल पडत होता. त्याने घोट घेतला. कप खाली ठेवला. मिशी पुसली.

"छान आहे," रेमी म्हणाला.

फिलोमेन जग हातात धरून वळली.

"काय म्हणालास?"

"छान आहे म्हटलं."

फिलोमेनने जग टेबलावर ठेवला. एकेकाकडे पाहिलं. मॉरिट्स टेबलावरच्या एका डागाचा अभ्यास करत होता. तिने रेमीच्या हातातून कप घेतला, उभ्याने एक मोठा घोट प्यायली, आणि बराच वेळ तोंडात धरून मग गिळला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

सगळे मॉरिट्सकडे बघायला लागले.

"मॉरिट्स."

"तसं म्हणजे... पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही प्यायलात."

"गरम होती," मॉरिट्स अगदी हळू म्हणाला.

तिने जग उचलून आत नेला. परत आली ती साध्या बीअरचे ग्लास घेऊन, आणि त्या दुपारी तिने कुणाला पाय खाली घे म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती. समोर कॉफीचा डबा, चिरलेला कांदा, साबणाची वडी, आणि लवंगांची पत्र्याची डबी. तिने डबीचं झाकण काढून माझ्या नाकाशी धरलं.

"पोरी, याला वास येतो का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं इतका येत होता. "येतो," मी म्हटलं.

तिने झाकण लावलं. दोनदा दाबून बघितलं, नीट बसलं का. मग भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन नीनोव्हचा नंबर फिरवला. "आलिडा? तीन राजांच्या सणाला येशील तेव्हा खोकी घेऊन ये. ग्लास भरायला लागतील. हो. हो, बंद करते आहे. तुझी ती खोली असू दे." पलीकडून बराच आनंद ऐकू येत होता. फिलोमेनने तो संपेपर्यंत रिसीव्हर कानापासून लांब धरला.

त्या सकाळी शेगडीच्या शेपटीवर पिशवी नव्हती. रेमी आला, टोपी काढली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत उभा राहिला.

"मांजर कुठाय?" शेवटी त्याने विचारलं.

"मांजराला आता पिशवी लागणार नाही. कॅफे बंद होतोय."

रेमीने टोपी परत घातली, परत काढली. मग त्याने जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. काउंटरला वळसा घालून तो स्वयंपाकघरात आला. गिऱ्हाईक कधी त्या बाजूला जात नसे.

"का बंद?"

"जिला वास येत नाही तिने लोकांना काही पाजू नये. उद्या विष पाजेन."

"लवंगेने कुणी मेलेलं नाही. मॉरिट्सची दाढ दुखायची थांबली उलट."

"तू खोटं बोललास माझ्याशी."

"बोललो."

"इतक्या वर्षांत एकदा चांगलं बोललास, तेही खोटं."

रेमी टोपी हातात फिरवत राहिला. मी निघून जायला हवं होतं, पण दार त्याने अडवलं होतं.

"मेन," तो म्हणाला. तिला त्या नावाने हाक मारताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. शाळेतलं असावं. "हात तुझा चालव. चव मी घेतो."

"तू? तुला तर सगळंच आंबट लागतं."

"म्हणून तर बरं. मला आंबट लागते आहे तोवर ती तुझी क्रीक. ज्या दिवशी लागणार नाही, त्या दिवशी ओतून दे."

"आलिडाला सांगून झालंय."

"आलिडा तीन राजांना येणार. तोवर ती खोकी रिकामीच आहेत."

फिलोमेन त्याच्याकडे बघत राहिली. "तुला चवीतलं काय कळतं? घरी शिळा पाव आणि पांढरं चीज खातोस."

"काही कळत नाही," रेमी म्हणाला. "पण तुझी क्रीक कशी लागते ते कळतं."

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, दुपारी दोघं शेगडीपाशी बसली, मी बाजूला कप पुसत होते. संध्याकाळी आमच्या आणि शेजारच्या गावाचे बँड यायचे होते, त्यांच्याबरोबर आलिडा. कॅफेच्या दारावर आतून कडी होती. कागदाचे मुकुट घातलेली पोरं काठीवरचा तारा फिरवत गाणं म्हणून गेली, त्यांना फिलोमेनने खिडकीतून संत्री दिली. एक मागे ठेवलं, ते रेमीने सोललं. साल शेपटीवर वाळायला पडली.

पहिला जग मोरीत गेला.

"नाही," रेमी म्हणाला होता.

"नाही म्हणजे? जास्त का कमी?"

"नाही म्हणजे नाही."

"रेमी, एवढ्यावर मी काय करू? दुसरे काही शब्द आहेत का तुझ्याकडे?"

रेमीला घाम फुटला. जन्मभर एका शब्दावर काम भागवलेला माणूस तो. त्याने पुन्हा घोट घेतला, डोळे मिटले. "हे... चर्चमधल्या कपाटासारखं आहे. जिथे झगे ठेवतात."

फिलोमेनने विचार केला. "लवंग. काढते दोन."

नवा जग. नवी क्रीक. तिने तो शेपटीवर सरकवला, हाताच्या मागच्या बाजूने त्याची ऊब बघितली. तेवढं तिच्याकडे होतं. हात काही विसरलेला नव्हता.

"आता?"

"आता ओल्या पत्र्यासारखं. शेडवर पाऊस पडतो तेव्हा."

"पातळ लागतंय. दालचिनी." तिने तुकडा मोडून टाकला. "थांब. घाई करू नकोस. वाफ बघ तू, मी साल बघते." तिने साल टाकून पुन्हा कप पुढे केला.

"आता?"

रेमीने नव्याने घोट घेतला. मग म्हणाला, "चिकोरी उपटायला पहाटे शेडचं दार उघडतो ना. काळोख असतो आत, आणि माती कोमट असते. तसं."

फिलोमेनचा हात थांबला. "हे जवळ आलं," ती म्हणाली. तिने खडीसाखरेचा खडा उचलला, अर्धा तोडला, अर्धा परत डबीत टाकला. ढवळलं. जग बोटभर मागे घेतला. बाहेर पोरांचं गाणं दुसऱ्या गल्लीत गेलं होतं.

तिने रेमीच्या कपात ओतलं. त्याने घोट घेतला, कप खाली ठेवला, मिशी पुसली.

"आंबट आहे," तो म्हणाला.

फिलोमेनने पळी ठेवली आणि शेगडीकडे तोंड करून उभी राहिली. बरीच कामं होती तिला तिथे एकाएकी. मग तिने स्वतःला घोटभर ओतून घेतलं, प्यायलं.

"तेवढंच कळतं मलाही आता," ती म्हणाली. "आंबट. बाकीचं सगळं गेलं."

"पुरे आहे तेवढं," रेमी म्हणाला.

संध्याकाळी कॅफे इतका भरला की टूबा बाहेर पायरीवर ठेवावा लागला. मॉरिट्सने पहिला कप हातात घेतला तेव्हा त्याने आधी डोळे मिटले, जसं थंड पाण्यात उतरण्याआधी मिटतात. मग उघडले. त्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं, आणि ते ढोसणं टेबलाटेबलावरून शेवटपर्यंत गेलं.

आलिडा खोकी घेऊन आली होती. काउंटरच्या टोकाला ती रचून ठेवून, कोट न काढता, तिने कप घेतला. बापाच्या वेळची क्रीक तिनेही प्यायली होती. फिलोमेन काउंटरमागे एकच ग्लास पुसत होती. रेमी आपल्या खुर्चीत, टोपी गुडघ्यावर.

आलिडाने अर्धा कप संपवला. "पिण्यासारखी आहे," ती म्हणाली.

मग कोट काढला.

दुसरा कप घेताना तिने खोक्यांकडे पाहिलं. "ती आणली आहेत मी उगाच ओढत. त्यांचं काय करायचं?"

"राहू देत," फिलोमेन म्हणाली. "जुलैत चेरीला लागतील."

आलिडाने बहिणीकडे पाहिलं, आणि तिला जे विचारायचं होतं ते न विचारता कप पुढे केला. वासाबद्दल तिला कधी कुणी सांगितलं नाही. त्या कॅफेतल्या पन्नासेक माणसांना ते माहीत होतं, आणि नीनोव्ह काही फार लांब नाही. तरी ते तिथवर पोचलं नाही.

सकाळी पिशवी खुर्चीवर होती.

त्यानंतरचे हिवाळे असेच गेले. दहिवर पडलं की रेमी दुपारी जरा लवकर यायचा आणि जगातला घोट कपात घेऊन, काउंटरला वळसा घालून, फिलोमेनबरोबर आत जायचा. मॉरिट्स त्याला "तपासनीससाहेब" म्हणायचा. आतून आवाज यायचे: "हे आजीच्या ट्रंकेसारखं." "कुठल्या आजीच्या?" "आईच्या आईच्या." "मग साल जास्त झाली." शब्द वाढत गेले त्याचे. बाहेर येऊन आपल्या खुर्चीत बसला, की मात्र सगळ्यांसमोर तो तोच एक शब्द म्हणायचा, आणि ती त्याला चिकोरीवरून तेच बोलायची, आणि काउंटरपलीकडे तो तिला पुन्हा मालकीणबाई म्हणायचा.

मग एका हिवाळ्यात तिला जिना उतरवेना. आलिडाने लिफ्टचं नाव काढलं नाही. फिलोमेन माझ्या समोरच्या खोलीत पडून असायची, जिथे जन्मली तिथेच. खाली जग मी सांभाळायला लागले. पिशवी रेमी वर न्यायचा. कंबरेने त्याला जिना झेपत नव्हता, दर पायरीवर थांबायचा, आणि दारात पोचला की म्हणायचा, "मांजराने पाठवलीय."

"ठेव पायाशी," ती म्हणायची. "आणि मांजराला सांग, जिन्यात पडेल एक दिवस."

तिच्या शेवटच्या दुपारी खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी होती. मी क्रीकचं विचारायला वर गेले होते. जग शेपटीवर होता, दालचिनी पडली होती, रेमीने आत चव घेऊन होकाराची मान हलवली होती, पण ओतायचा मला धीर होत नव्हता. तिने डोळे उघडले. खालून रेमीची खुर्ची करकरली, तो आपल्या जागेवर जाऊन बसला होता.

"रेमी म्हणेल आंबट आहे," फिलोमेन म्हणाली. "म्हणू दे. खडीसाखर वाढवू नकोस."